बेथ कोण देतं?

४ ऑक्टोबर, शुक्रवार

दवाखान्यातून फोन आला. खुब्याचं ऑपरेशन सोळा तारखेला. वर्षभर या फोनची वाट पाहिली आणि आता आला तर धसकाच घेतला. ऑपरेशनचा नाही, माझ्या मासळीच्या गाळ्याचा. मंडईचा नियम असा की गाळा महिनाभर बंद राहिला तर तो दुसऱ्याला जातो. आणि मला धड उभं राहायला नाताळ उजाडेल असं डॉक्टरीणबाई म्हणते.

लादिस्लाओला ही बातमी बहुतेक माझ्याआधीच कळली. शेजारच्या गाळ्यात कोंबड्या विकतो, पण कान सशाचे. दुपारी हात पुसत आला. "ओबदुलिया, गाळा मला देऊन टाक. मधली भिंत पाडतो, ऐसपैस होईल. जन्मभर बर्फात हात घातलेस, आता गरम पाण्यात पाय सोडून बस." माणूस वाईट नाही. दर नाताळला एक गलेलठ्ठ कोंबडा आणून देतो आणि वर मीच त्याच्यावर उपकार केल्यासारखा हसतो. ऑपरेशनच्या आधी सांगते म्हटलं.

हा गाळा माझ्या सासूचा. तिच्यामागून मी. माझ्यामागून कोण, हा प्रश्न आहे. माझा मुलगा थेल्सो बोटीवर, इंजिनात. नाताळाशिवाय घरी येत नाही. राहता राहिली त्याची बायको. तुर्सुनाय, किर्गिझस्तानची. इस्तंबूलच्या बंदरात भेटली, तिथेच लग्न लावून घेतलं, ऑगस्टमध्ये तिला माझ्या दारात आणून सोडलं आणि पठ्ठ्या परत बोटीवर. हिच्या देशाला समुद्रच नाही! पहिल्या दिवशी दारातच तिने कमरेत वाकून मला तीनदा नमस्कार केला. मला वाटलं तिचं काहीतरी खाली पडलं, म्हणून मीही वाकून शोधायला लागले. त्या दिवशीची कळ अजून खुब्यात आहे.

पोरगी शांत आहे. फारच शांत. मला 'तुम्ही' म्हणते, जशी काही मी बिशपच. नावाने हाक मार म्हटलं तर 'आपा' म्हणते, म्हणजे तिच्याकडे आई. आणि हात आखडता. संध्याकाळी चहा करते आणि माझा कप अर्धाच भरते. चहापत्तीत कसली काटकसर? मी मात्र सकाळी तिला दुधाची कॉफी देते ती काठोकाठ. माझ्या घरात कुणाला कमी पडलं नाही, पडणार नाही. ती मान खाली घालून गटागटा पिते आणि लगेच उठून खोलीत जाते.

रात्री जेवताना म्हणाली, "आपा, गाळ्यावर मी उभी राहते." मला हसूच आलं. तिचं तोंड एवढंसं झालं. हसायला नको होतं, पण आलं त्याला काय करणार.

५ ऑक्टोबर, शनिवार

नेलं तिला. एकदाची हौस फिटू दे म्हटलं.

खोटं कशाला लिहू, हात सोन्याचा आहे. बाप मेंढ्या कापायचा म्हणे. मेर्लुथा माशाचं पोट फाडते ती एकाच चिरेत, काट्याला मांस राहत नाही. माकूल पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एक पाऊल मागे सरकली, दुसऱ्या माकुलाला सरावली. मी खोक्यावर बसून पाहत होते आणि मनात म्हटलं, अरे वा.

मग गर्दी झाली आणि सगळं मुसळ केरात गेलं. मी चाळीस वर्षं फक्त एवढंच विचारत आले, 'कोण पुढे?' जिची बेथ, म्हणजे पाळी, असेल ती म्हणते 'मी', आणि मी मान खाली घालून कामाला लागते. हिने काय केलं? गर्दीवरून नजर फिरवली, छातीवर हात ठेवला आणि सगळ्यात शेवटी आलेल्या एतेल्विनाला म्हणाली, "आधी तुम्ही, आजी." एतेल्विना पंचाऐंशीची, तिला काय, ती खूश. बाकीच्या कुजबुजल्या, पण गप्प राहिल्या. एतेल्विनाचं झालं. परत नजर फिरली. "आता तुम्ही, आजी."

विसिताथिओनने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

विसी बासष्टची आहे. सांगते पंचावन्न. दर गुरुवारी केस रंगवून घेते. "आजी? कुणाची आजी?" ती ओरडली. "माझी बेथ आहे चौथी आणि मी चौथीच घेणार! आणि ओबदुलिया, ही कोणती पद्धत? आता माणसाच्या सुरकुत्या मोजून मासळी मिळणार का?" लादिस्लाओच्या गाळ्यावरच्या बायकासुद्धा हसायला लागल्या, त्यामुळे ती आणखी पेटली. काही न घेता गेली. जाताना म्हणाली, सुपरमार्केटात गोठवलेली मिळते, तिथे कुणी वय विचारत नाही.

मी रागावले होते, आणि हसू दाबत होते तेही खरं.

६ ऑक्टोबर, रविवार

जेवण झाल्यावर शिकवणी घेतली. टेबलावरच. मीठदाणी म्हणजे विसी, तेलाची बाटली म्हणजे एतेल्विना, पावाचा तुकडा म्हणजे कुणीही.

"मीठ आलं. विचारतं, बेथ कोण देतं, म्हणजे शेवटी कोण आहे? पाव शेवटचा, पाव म्हणतो, मी. झालं, मिठाला बेथ मिळाली. आता तेल आलं. बेथ कोण देतं? मीठ म्हणतं, मी. म्हणजे तेल मिठाच्या मागे."

तिने तेलाची बाटली उचलून पुढे ठेवली. "पण ही म्हातारी."

"असू दे म्हातारी. मागे."

"बेथ कुणाची असते, आपा? तुमची?"

"माझा काही संबंध नाही. त्यांची त्यांची असते. आपण कुणाकडे बघायचंसुद्धा नाही. फक्त विचारायचं, कोण पुढे."

"कागद मिळतो?"

"नाही."

"रांग लावतात?"

"रांग कशाला? मीठ मध्ये जाऊन भाजी घेऊन येतं, कॉफी पिऊन येतं. बेथ राहते."

"कुठे राहते?"

बाई गं. चाळीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "मागच्या बाईपाशी," मी म्हटलं. "तिला ठाऊक असतं ना, आपण कुणाच्या मागे ते."

"आणि ती खोटं बोलली तर?"

"कशाला बोलेल? उद्या तिलाही भाजी आणायला जायचंच आहे."

तिने बाटली परत मिठाच्या मागे ठेवली. मग सांगते, तिच्या माहेरी नव्या सुनेने मोठ्याच्या आधी धाकट्याला चहा दिला तर चार घरं बोलतात. मोठ्या माणसाला उभं ठेवून धाकट्याला वाढायला हात धजत नाही. "हात धजत नाही," हे तिने दोनदा सांगितलं. मग उठून चहा केला. माझा कप परत अर्धा. शिकवणीची फी म्हणून तरी भरायचा होतास गं!

७ ऑक्टोबर, सोमवार

सोमवारी मासळी नसते, म्हणून म्हटलं सराव होऊ दे. पाव आणायला पाठवलं. "आत गेलीस की आधी विचार, बेथ कोण देतं. आणि मिळाली की सोडू नकोस."

तासाभराने आली. हात रिकामे.

बेथ विचारली म्हणे. मिळाली म्हणे. मग एक म्हातारबुवा आले, त्यांना दिली. मग काठीवाल्या बाई आल्या, त्यांना दिली. आपल्या गावात सकाळी पावाला म्हाताऱ्यांशिवाय येतं कोण? ही बेथ वाटत राहिली, वाटत राहिली आणि पाव संपला. पाववालीने फोन करून विचारलं, "ओबदुलिया, तुझी सून संत होणार आहे का?"

मी कपाळाला हात लावला. दुपारी दोघींनी शिळ्या पावाचं लसूण घातलेलं सूप खाल्लं. तिने तीनदा घेतलं. आवडलं असावं.

पण हिला गाळा सोपवणं म्हणजे लादिस्लाओला ताटात वाढून देणं. एवढं आज कळलं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

उद्या दवाखाना. लादिस्लाओला हो म्हणायचं ठरवून निघाले. दारात ती उभी. दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे. "किल्ली द्या, आपा."

"अगं, गिऱ्हाईकं येणार नाहीत. विसीने गावभर सांगितलंय."

"किल्ली द्या."

दिली. का दिली, मला विचारू नका. इतक्या अदबीने हात पुढे करून मागितलेली वस्तू नाही कशी म्हणायची, तेच सुचलं नाही. लादिस्लाओला सांगितलं, मी चालत मंडईत येईन तेव्हा गाळ्याची हालत बघून काय ते सांगते. तो म्हणाला, "थांबतो की. इतकी वर्षं थांबलोय." मला त्याची दया आली आणि किल्ली दिल्याचा पश्चात्तापही झाला. दोन्ही एकदमच.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

खुबा नवा. दुखणं जुनंच. जेवण मात्र दवाखान्याचं, त्याबद्दल न लिहिलेलं बरं.

एतेल्विना भेटायला आली, बसने, या वयात. काल गाळ्यावर ती एकटीच होती म्हणे. "ती आतून एकटी, मी बाहेरून एकटी. तरी पोरीने मान खाली घातली आणि विचारलं, 'कोण पुढे?' मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. म्हटलं, बहुतेक मीच!" आम्ही दोघी हसलो. ती गेल्यावर मला भरून आलं. रिकाम्या मंडईत कुणीतरी माझं वाक्य म्हणत होतं.

तरी एक गिऱ्हाईक म्हणजे गाळा नव्हे.

२० ऑक्टोबर, रविवार

विसी आली. हो, विसी! दारातून आत येण्याआधीच सुरू. "तुझ्या सुनेने काय केलं माहीत आहे? काल संध्याकाळी माझ्या दारात. नवा फ्रॉक घालून. हातात थाळी, वर पांढरं फडकं. मला वाटलं केक. फडकं काढते तर मेर्लुथाचं डोकं! अख्खं! माझ्याकडे बघतंय!"

"डोकं?"

"डोकं! आणि कमरेत वाकून म्हणते, तुम्हाला. मी म्हटलं, हिने आता मला मांजर समजलं की काय. मग कळलं. त्यांच्याकडे मेंढीचं डोकं सगळ्यात मानाच्या पाहुण्याला देतात. मेंढी नव्हती, म्हणून..." पुढे तिला बोलता येईना. हसून माझे टाके ताणले, नर्स धावत आली.

"मग केलंस काय त्या डोक्याचं?"

"करणार काय? सूप केलं. तिला बसवलं आणि दोघींनी खाल्लं. जेवता जेवता ती मला विचारते, तुमचं वय किती? मी म्हटलं, पंचावन्न. तर म्हणाली, बरं, लक्षात ठेवते." विसीने पर्समधून आरसा काढून केस नीट केले. "समजूतदार आहे गं पोरगी."

३ नोव्हेंबर, रविवार

घरी येऊन आठवडा झाला. कुबड्यांवर संडासापर्यंत जाते, हीच माझी परदेशवारी.

ती पहाटे जाते, दुपारी येते, अंगाला माझा वास घेऊन. म्हणजे बांगड्याचा. मला तो वास घरात आला की बरं वाटतं. माझे पाय चोळते, न विचारता. माझ्या सख्ख्या मुलाने कधी चोळले नाहीत. चहा मात्र अर्धा कप. चोळण्यात उदार आणि चहात चिक्कू, असं माणूस मी पाहिलं नाही.

लादिस्लाओ भेटायला आला तो तक्रार घेऊनच. "ओबदुलिया, तुझ्या गाळ्यासमोर खुर्च्या मांडल्यात. चहाचा थर्मास ठेवलाय. तुझी गिऱ्हाईकं माझ्या दारात येऊन बसतात, माझ्या कोंबड्या दिसत नाहीत कुणाला!"

"चहा? मासळीच्या गाळ्यावर चहा?" माझा पारा चढला. माझ्या सासूच्या गाळ्यावर!

तिला विचारलं तर बटाटे सोलता सोलता म्हणाली, "आपा, मासळी बेथने देते. अगदी बेथनेच. पण चहाला बेथ नाही ना? चहा वयाने देते. मग हात धजतो."

मी बटाटा उचलला आणि सोलायला लागले.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज चालत मंडईत गेले. एक काठी, वाटेत दोनदा बसून. ती पहाटेच गेली होती, मी येणार हे तिला सांगितलं नव्हतं. लादिस्लाओला दिलेला शब्द डोक्यात होता. मीच परीक्षेला निघाल्यासारखं वाटत होतं.

गर्दी होती. माझ्या जुन्या शनिवारांसारखी, थोडी जास्तच, असं मनाविरुद्ध लिहिते. मला पाहून बायकांनी एकच गलका केला, गालांचे मुके घेतले, वाट करून दिली. मी नेहमीच्या सवयीने सरळ गाळ्याच्या आत निघाले, आडवी फळी उचलायला. मला तारल्या हव्या होत्या, घरी न्यायला.

ती खवले काढत होती. मान वर न करता म्हणाली, "आपा, शेवटी कोण आहे ते विचारा."

लादिस्लाओचा सुरासुद्धा थांबला. माझी कानशिलं तापली. माझ्या गाळ्यावर, मला! जीभ सळसळली, पण वाक्य काही सापडेना, कारण ते वाक्य माझंच होतं. मी वळले. आणि तेव्हा ध्यानात आलं की मासळीच्या या बाजूला मी कधी उभीच राहिले नव्हते. आवाज शाळेतल्या पोरीसारखा निघाला.

"बेथ कोण देतं?"

"मी देते," विसी म्हणाली. "माझ्या मागे. आणि मी तुझ्याहून लहान आहे, हे सगळ्यांसमोर सांगून ठेवते."

हशा पिकला. मला खुर्चीवर बसवलं. मी बसले आणि माझी बेथ जिथल्या तिथे राहिली. कमाल वाटली. इतकी वर्षं ती देता-घेताना ऐकली, पण ती असणं म्हणजे काय ते आज कळलं. कुणीतरी आपली जागा धरून ठेवलेली असते आणि आपण निवांत पाय लांब करायचे.

चहा आला. एतेल्विनाला पहिला, मला दुसरा. विसीला सगळ्यात शेवटी, आणि ती शेवटचा कप मिरवत होती. माझा कप अर्धा.

"मंडईतसुद्धा हात आखडता!" मी म्हटलं.

"अगं वेडे," विसी म्हणाली, "तुला ठाऊक नाही? मीही भांडले पहिल्या दिवशी. त्यांच्याकडे कप काठोकाठ भरून दिला तर अर्थ होतो, पी आणि चालू लाग. अर्धा दिला म्हणजे बस, संपला की आणखी देईन, जाऊ नकोस."

ऑगस्टपासून रोज संध्याकाळी ती मला हे सांगत होती. आणि मी? रोज सकाळी, काठोकाठ. मोठ्या प्रेमाने, काठोकाठ. आणि ती मान खाली घालून पिऊन उठत होती, आणि तरीही दुपारी परत येत होती. खुबा दुखला नाही एवढं ते दुखलं. चहा प्यायला थोडा वेळ लागला. तिने न सांगता कप परत अर्धा केला.

लादिस्लाओ आला. हात पुसत. "मग, ओबदुलिया? चालत आलीस. ठरलं होतं आपलं."

"ठरलं होतं," मी म्हटलं. "पण या गाळ्याची बेथ तुझ्या आधी एकीने घेतलीय."

त्याने आत पाहिलं. ती तराजूवर तिसऱ्या ओतत होती. "ती? अगं तिशीची नाही ती अजून! तिच्या मागे म्हणजे माझा नंबर जन्मात लागणार नाही."

"नाही लागणार."

मला वाटलं आता नाताळचा कोंबडा गेला. मग त्याने रिकामी खुर्ची ओढली. "निदान चहा तरी दे बाई. मी अडुसष्टचा आहे."

विसीचं झालं. आतून आवाज आला, "कोण पुढे?" मान खालीच.

"मी," मी म्हटलं.

"बोला बाई, काय देऊ?"

"अर्धा किलो तारल्या."

तिने तोलल्या, कागदात बांधल्या. मग मागे वळून बर्फावरून मेर्लुथाचं डोकं उचललं, आजच्या मालातलं सगळ्यात मोठं, ते वेगळ्या पांढऱ्या कागदात गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. मी मागितलं नव्हतं. मी काठी खुर्चीला टेकवली आणि दोन्ही हातांनी घेतलं.

माझ्या मागे कुणीतरी नवीन बाई आली, धापा टाकत. "बेथ कोण देतं?" माझ्यामागे तोवर कुणी आलंच नव्हतं. "माझ्या मागे तूच," मी म्हटलं, "जा, आता बेथ तुझीच."

डोक्याचं सूप चुलीवर आहे. ती झोपलीय, दमून. उद्या रविवार, सकाळी कॉफी मी करणार. कप अर्धाच भरायचा, हे इथे लिहून ठेवते, कारण हाताला सवय काठोकाठची आहे.